मापेसाहेबांचे चार भाडेकरू

घरात चार स्पीकर बसवले ते शांतता हवी म्हणून, हे वाक्य मापेसाहेबांनी पुढे सोसायटीच्या समितीला, वकील मेहुण्याला आणि एकदा सराव म्हणून आरशालाही सांगून पाहिलं. तिन्ही ठिकाणी समोरचा चेहरा सारखाच झाला. पण ते खरं होतं.

मापेसाहेब हे बिल्डिंगने ठेवलेलं नाव. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, किलोचं वजन किलोभरच आहे की झिजून झिजून त्याने दुकानदाराशी संगनमत केलं आहे हे पाहायचं, आणि सगळं ठीक असेल तर शिक्का ठोकायचा, असं ते काम. अशा कामात माणूस हळूहळू स्वतःच शिक्का मारल्यासारखा दिसू लागतो. फिकट बदामी शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली, काखेत चपटी बॅग, आणि लिफ्टमध्ये कोणी हवापाण्याबद्दल काही बोललं तर "हं." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून याहून मोठं वाक्य ऐकल्याचं बिल्डिंगमध्ये कोणाला आठवत नव्हतं.

आता अशा माणसाला गाण्याचं वेड आहे म्हटलं, तर लोक समजुतीने मान हलवतील. असतात अशी माणसं. एखादा गवई धरतात आणि जन्मभर त्याच्याशी एकनिष्ठ राहतात. साहेबांचं दुखणं निराळं होतं. त्यांना सगळंच आवडे. बराच वेळ एकाच सुराभोवती घुटमळणारं शास्त्रीय गाणं आवडे, आणि ढोल फुटेपर्यंत बडवून वर किंचाळणारं मेटलही आवडे. ऑपेरातल्या बाईने मरता मरता लावलेला वरचा सूर ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी येई, आणि ते पुसेपर्यंत बँडच्या मार्चवर पाय ठेका धरी. पाहुणा पानातलं सगळं आवडीने खातो म्हटलं की यजमान खूश होतात. गाण्यात मात्र सगळं आवडतं म्हटलं की या माणसाला काही चारित्र्य नाही असं लोकांना वाटतं. कॉलेजात शास्त्रीय संगीत मंडळाने साहेबांना काढून टाकलं, कारण आलाप चालू असताना ते केस झटकत होते. रॉकवाल्यांनीही काढून टाकलं, कारण गिटारच्या ऐन भरात ते डोळे मिटून "वा" म्हणाले. तेव्हापासून ते आपले घरीच ऐकत.

घरी बायको होती. ती कानाच्या दवाखान्यात काम करायची. पेशंटला काचेच्या बंद खोलीत बसवून बारीक बारीक शिट्ट्या ऐकवायच्या आणि "आता ऐकू आली का?" असं विचारत राहायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या कानांची उठाठेव केल्यावर घरी तिला स्वतःच्या कानांना काही काम नको असे.

"अहो, तुमच्या गाण्याबद्दल माझी तक्रार नाही," ती एकदा म्हणाली. "पण ते हॉलमधून उठतं आणि घरभर फिरतं. माझ्या मागेमागे स्वयंपाकघरात येतं. त्याला कुठेतरी एका जागी बसवा."

साहेबांनी ते मनावर घेतलं. मोठा स्पीकर काढून टाकला, साबणाच्या डबीएवढे चार छोटे आणले आणि चार ठिकाणी बसवले. आवाज असा ठेवला की त्या त्या खोलीचं दार ओलांडू नये. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ही गोष्ट जन्मभर तराजू तपासणाऱ्याच्याच लक्षात यावी, की प्रत्येक गाण्याची आपली अशी एक खोली असते. न्हाणीघरात फरश्यांमुळे आलापाला गोलाई येते, म्हणून दाढी-आंघोळ शास्त्रीय गाण्याबरोबर. ऑपेरातल्या बाईच्या वरच्या सुराला मांडणीवरचे पेले हळूच साद देतात, म्हणून संध्याकाळची भांडी, जी घासणं साहेबांकडे होतं, तिच्याबरोबर. अडगळीच्या खोलीत गाद्या-उशांचा ढीग मेटलमधली किंकाळी गाळून नुसता राग तेवढा शिल्लक ठेवतो, म्हणून तिथे इस्त्री. इस्त्रीला मेटलसारखं दुसरं काही नाही. कॉलरची चुणी भीतीनेच सरळ होते. आणि बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालताना बँड, कारण बँड हा उघड्यावरच बरा.

बायको घरी असली तरी चारपैकी एकही गाणं तिच्या कानावर येईना. साहेबांना वाटलं, प्रश्न सुटला.

तो सुटला होता, पण बाहेरच्या बाजूने. ज्याने ती बिल्डिंग बांधली त्याने आतल्या भिंती चांगल्या जाड घेतल्या होत्या आणि बाहेरच्या भिंतींना येईपर्यंत त्याचं सिमेंट किंवा उत्साह संपला होता. न्हाणीघरातला आलाप पाइपांसाठी सोडलेल्या डक्टमधून खाली, निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या न्हाणीघरात उतरे. स्वयंपाकघरातली ऑपेरा शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे जाई. अडगळीच्या खोलीतलं मेटल वर व्यायामशाळेच्या कोचच्या पायांखाली निघे. आणि बाल्कनीतला बँड थेट समोर, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या बाल्कनीत.

यातलं साहेबांना काही माहीत नव्हतं. एके दिवशी दारावर नोटीस चिकटवलेली मिळाली: आपण आपल्या सदनिकेत समितीच्या परवानगीवाचून चार पोटभाडेकरू ठेवल्याचं निदर्शनास आलं आहे, तरी खुलासा करावा. खाली बारीक अक्षरात, प्रत माहितीसाठी आपल्या कार्यालयास.

ती शेवटची ओळ साहेबांनी तीनदा वाचली. सरकारी नोकराने भाड्याचं उत्पन्न लपवणं म्हणजे चौकशी, आणि त्यांची बढतीची फाईल नेमकी त्याच आठवड्यात वर गेली होती. शिवाय दुसरंही होतं. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या मापातली खोट काढली, त्याच्या घरात चार माणसं जास्तीची भरली म्हणजे काय.

ते तसेच सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी जनगणना खात्यातून निवृत्त झाले होते. जिथे इतरांना नुसतं कुलूप दिसे तिथून माणसं शोधून काढण्यात त्यांनी नाव कमावलं होतं, आणि निवृत्तीनंतर सगळी माणसं मोजून झालेल्या जगात काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

"बसा," सेक्रेटरी म्हणाले. "नवरा-बायको दोन, अधिक चार. बरोबर?"

"माझ्याकडे कोणीही भाडेकरू नाही."

"हे पाहा मापेसाहेब, सगळे हेच म्हणतात. एक म्हातारे शास्त्रीयवाले, एक परदेशी बाई, एक माथेफिरू तरुण आणि एक निवृत्त बँडवाले. बँडवाले तर मी स्वतः ऐकतो. चांगले आहेत. शिस्तीचे आहेत. वैयक्तिक माझं काही म्हणणं नाही."

"ते सगळं मीच ऐकतो हो. स्पीकरवर."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "स्पीकर असेल. कशावर वाजतं हा प्रश्न नाही. ऐकतं कोण, हा प्रश्न आहे. मी लाखो माणसं मोजलीत. एका माणसाची मातृभाषा एक, धंदा एक, पत्ता एक. चार तऱ्हेची गाणी म्हणजे चार ऐकणारे. माणूस एका रकान्यात बसतो."

"आणि जो बसत नाही तो?"

"त्याच्यासाठी 'इतर' म्हणून रकाना असतो. तो आळशी लोकांसाठी. माझ्या सबंध नोकरीत मी 'इतर'मध्ये एकही माणूस घातलेला नाही."

हे त्यांनी अशा अभिमानाने सांगितलं की साहेबांच्या तोंडून सवयीने "हं" निघून गेलं, आणि सेक्रेटरींनी तो कबुलीजबाब धरला.

बातमी जिन्यावरून पसरली. अशा वेळी शेजारी मदतीला धावतात, आणि साहेबांच्या मदतीला तर सगळेच धावले.

दातांचे डॉक्टर लिफ्टमध्ये भेटले. दोन मजल्यांनंतर ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुमच्या त्या बाईंना एकदा माझ्याकडे पाठवा. फीचं बघू नंतर."

"कुठल्या बाई?"

"रोज भांडी घासताना रडतात त्या. साहेब, मी इतकी वर्षं लोकांचं ओरडणं ऐकतोय. सुरुवात खाली, मग चढत चढत टोकाला जाऊन थरथरतं. वरची डावी अक्कलदाढ. दुसरं काही असूच शकत नाही."

"ते गाणं आहे, डॉक्टर."

"सगळे आधी तसंच म्हणतात," डॉक्टर म्हणाले आणि उतरून गेले.

कोचने जिन्यातच गाठलं. "काका, त्या पोराला काढू नका हां. त्याच्या गाण्यावर माझे जोर दुप्पट निघतात. नोटिशीला घाबरायचं नाही. मी येतो समितीत."

"काय सांगशील येऊन?"

"हेच, की पोरगा चांगला आहे."

आणि खालच्या बाईंनी एका चपट्या डबीत खोकल्याच्या गोळ्या पाठवल्या. बरोबर निरोप होता: वर सकाळी जे गातात त्यांच्यासाठी. घसा साफ न करता सुरू करतात.

साहेबांनी ती डबी बायकोपुढे ठेवली. "बघ. सगळ्यांना ते चौघे आवडतात. डॉक्टरला ती बाई आवडते, कोचला तो मुलगा आवडतो. मी याच घरात इतकी वर्षं राहतोय, मला कधी कोणी साधी गोळी पाठवली नाही."

"तुम्हाला खोकला कधी झाला?"

"प्रश्न खोकल्याचा नाही."

"मग तपासणीला बोलवा सगळ्यांना," बायको म्हणाली. "घर दाखवा, स्पीकर दाखवा, विषय संपवा. मी सुट्टीच्या दिवशीही दवाखान्यातच असेन, म्हणजे मला ते बघायला नको."

साहेबांनी तपासणीची तयारी खात्याच्या पद्धतीने केली. घर झाडलं, स्पीकरवरची धूळ पुसली, आणि येणाऱ्या चौघांसाठी चार कप विसळून स्वयंपाकघराच्या ओट्यावर उपडे घातले. बायको सकाळी दवाखान्यात गेली आणि मशीन बंद पडलंय म्हणून थोड्या वेळात परत आली. "मी आंघोळ उरकते, तुम्ही तुमचं चालू द्या," म्हणून ती न्हाणीघरात गेली. तेवढ्यात बेल वाजली.

सेक्रेटरी पुढे, मागे डॉक्टर, कोच आणि काठी टेकत खालच्या बाई. साहेबांनी हातात फोन धरला आणि खाकरून म्हणाले, "आता मी एकेका खोलीतलं संगीत लावून दाखवतो." बोट भलतीकडेच पडलं, आणि एकाऐवजी सगळं सुरू झालं. न्हाणीघरात आलाप, अडगळीत मेटल, स्वयंपाकघरात ऑपेरा, बाल्कनीत तुताऱ्या.

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "सगळे घरातच आहेत."

साहेब घाईघाईने बंद करायला गेले, तर फक्त ऑपेरा बंद झाली.

"गप्प झाल्या," डॉक्टर कळवळून म्हणाले. "आपल्याला घाबरल्या."

मंडळी स्वयंपाकघरात गेली. तिथे कोणी नव्हतं. सेक्रेटरींनी ओट्याकडे पाहिलं. "चार कप. ओले आहेत."

"ते तुमच्या चहासाठी आहेत."

"आम्ही इथे अजून चहा घेतलेला नाही," सेक्रेटरी म्हणाले, आणि यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

मग सगळे न्हाणीघरापाशी आले. दाराला आतून कडी, आत पाण्याचा आवाज, आणि भरदार पुरुषी आवाजात चाललेला आलाप. सेक्रेटरींनी अदबीने दार वाजवलं. "आपण निवांत बाहेर या. फक्त मोजणी करायची आहे."

पाणी थांबलं. गाणं थांबलं नाही. दार उघडलं आणि केसांना टॉवेल गुंडाळलेली बायको बाहेर आली. तिच्या मागे गवई अजून गातच होता.

"अहो, हे काय?" ती साहेबांना म्हणाली.

डॉक्टर सज्जन माणूस. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कोच दिव्याकडे पाहू लागला. सेक्रेटरींनी कर्तव्य म्हणून आत डोकावलं आणि विचारलं, "आत आणखी कोण आहे?"

"गीझर," बायको म्हणाली आणि खोलीत गेली. दार तिने अशा बेताने लावलं की त्याचा अर्थ साहेबांना एकट्यालाच कळला.

साहेबांनी न्हाणीघरातला स्पीकर काढून हातावर ठेवला. तो हातावरही गात होता. सगळ्यांनी तो पाहिला.

"वाजवणारी डबी हीच, हे मान्य," सेक्रेटरी म्हणाले. "ऐकणारे गेले कुठे?"

"सांगितलं ना. मीच ऐकतो. चारही."

यावर त्या चौघांनी जसं पाहिलं ते साहेबांना नोटिशीपेक्षा जास्त लागलं. चौघांनीही त्यांचा बदामी शर्ट पाहिला, बाह्यांची बटणं पाहिली. डॉक्टर हसले, आणि ते हसणं मायेचं होतं, हेच वाईट.

"काका, तुम्ही मेटल ऐकता?" कोचने विचारलं. "डोकं हलवून दाखवा बरं."

एखाद्याने आयुष्यात कधी नाही म्हणायचं असेल तर ती वेळ ही होती. पण प्रश्न इभ्रतीचा होता. साहेबांनी चष्मा सावरला, मेटल जरा मोठं केलं आणि मान खाली घालून जोरात वर झटकली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी चष्मा उडून चपलांच्या मांडणीखाली गेला, मान वर गेली आणि डावीकडे अडकून तिथेच राहिली.

"जमलं नाही," कोच हळहळून म्हणाला. "त्या पोराची सर नाही."

खालच्या बाई तेवढ्या काही बोलल्या नव्हत्या. जाता जाता त्या साहेबांपाशी थांबल्या, वाकडी मान बघितली आणि म्हणाल्या, "गोळ्या घेतल्यात का?"

"मी?"

"बरं, असू दे," म्हणून त्या काठी टेकत निघून गेल्या.

मानेला पट्टा बांधून साहेबांनी वकील मेहुण्याला फोन लावला. मेहुण्याने सगळं शांतपणे ऐकलं.

"भावोजी, ते चौघे कधी नव्हतेच, हे सिद्ध करायची कायद्यात काही सोय नाही. ते होते आणि आता नाहीत, याला मात्र छान सोय आहे. भाडेकरूंनी जागा सोडली असं लिहून द्या. सोसायटी दाखला देईल, तो ऑफिसात लावा, बढती घ्या."

"पण सेक्रेटरी म्हणतात, जागा सोडणाऱ्यांच्या सह्या लागतील."

"न सांगता निघून गेले म्हणा."

"माझ्या घरातून? न सांगता? मी त्यांना इतकं वाईट वागवलं का?"

 मेहुणा म्हणाला, "ताईला फोन द्या."

ताईने फोन घेतला, दोनदा "हो" म्हटलं आणि ठेवून दिला. "अहो, नाहीतच ना ते? मग जाऊ देत की. आणि माझ्या न्हाणीघरात पुरुष गातो असं आता बिल्डिंगभर झालंय. त्याला तर आधी जाऊ दे."

साहेबांनी लिहून दिलं. नोकरीत त्यांनी खोट्या मापावर कधी शिक्का मारला नव्हता. पहिला मारला तो स्वतःच्या घरावर. स्पीकर काढले, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळले आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण चार चांगली माणसं न सांगता निघून गेली याचं बिल्डिंगला वाईट वाटलं, आणि बिल्डिंगला वाईट वाटलं की ती हॉलमध्ये खुर्च्या मांडते. भाडेकरूंना निरोप देण्याचा छोटासा समारंभ ठरला. भाडेकरू येऊ शकत नसल्यामुळे त्यांच्या वतीने साहेबांनी पुढच्या खुर्चीत बसावं असंही ठरलं.

मानेच्या पट्ट्यामुळे साहेबांना प्रत्येक वक्त्याकडे सबंध धड वळवून बघावं लागत होतं, त्यामुळे ते फार भारावल्यासारखे दिसत होते. डॉक्टर म्हणाले की त्या बाईंनी इतकं सोसलं पण एकदाही गोळी मागितली नाही. कोच म्हणाला की पोरगा दिसला कधी नाही पण आधार होता. सेक्रेटरी बँडवाल्यांच्या वक्तशीरपणाबद्दल बोलले आणि बोलता बोलता त्यांच्या पायाने मार्चचा ठेका धरला. मग भेटी आल्या: परदेशी बाईंना मऊ केसांचा ब्रश, पोराला मनगटाचे पट्टे, बँडवाल्यांना गळ्याचा मफलर. साहेब एकेक घेत होते आणि "पोचवतो" म्हणत होते.

"आणि खरं सांगू का," शेवटी डॉक्टर मोकळेपणाने म्हणाले, "मापेसाहेबांसारख्या अबोल, अरसिक माणसाकडे असे चार दर्दी लोक इतके दिवस टिकले, याचं मला नवल वाटतं."

टाळ्या पडल्या. साहेबांना वाटलं, आता उठावं आणि या सगळ्यांना एकदा वरचा सूर लावून दाखवावा. पण पट्ट्याने हनुवटी धरून ठेवली होती. ते म्हणाले, "हं."

शास्त्रीय गायकांसाठी तेवढी कोणी भेट दिली नाही. ती खालच्या बाईंकडून यायची, आणि त्या मागच्या खुर्चीत हात बांधून बसल्या होत्या. निघताना साहेबांनीच त्यांना गाठलं. "त्यांना काही निरोप?"

"द्यायची गरज नाही," बाई म्हणाल्या.

दाखला मिळाला. चौकशी टळली. बढतीचा हुकूमही आला, आणि साहेब आता तराजू तपासणाऱ्यांना तपासू लागले. भांडी मुकाट्याने घासली जात होती. कॉलरला चुण्या राहत होत्या. कुंड्यांना पाणी मिळे आणि दुसरं काही मिळत नसे. वरून कोचच्या जोरांचा आवाज पूर्वीसारखा येईना. डॉक्टर लिफ्टमध्ये विचारत, "त्यांची काही खबर?" आणि साहेब धड वळवून "नाही" म्हणत. मान बरी झाली होती, पण सवय राहिली होती.

एका संध्याकाळी बायको जेवताना थांबली. "घर फार शांत झालंय हो. दवाखान्यातल्या त्या काचेच्या खोलीसारखं. मला सारखं वाटतं, आता कोणीतरी विचारणार, ऐकू आली का म्हणून."

 दुसऱ्या दिवशी सकाळी गालाला फेस लावून आरशापुढे उभे असताना त्यांचं त्यांनाच कळलं नाही आणि ते गाऊ लागले. म्हणजे गवई जिथून सुरू करी तिथून सुरू केलं. स्पीकर होता तेव्हाही ते त्याच्या मागोमाग म्हणत असत. पण तेव्हा पुढे एक मोठा माणूस चालत असे आणि ते त्याच्या सावलीतून जात. आज रस्त्यावर ते एकटेच होते. आवाज दोन जागी फाटला. तिसऱ्या जागी श्वास संपला आणि ते थांबले.

"थांबू नका," डक्टमधून आवाज आला.

साहेबांच्या हातातला वस्तरा जागच्या जागी राहिला. "बाई?"

"अर्धा सूर खाली चाललंय. पण ते नेहमीचंच आहे. आणि श्वास तिथे घेतात का? श्वास अगोदर घेऊन ठेवायचा."

"नेहमीचंच म्हणजे?"

"म्हणजे काय? तो मोठा गवई मला रेडिओवरही मिळतो. त्याचं चुकत नाही कधी. मी सकाळी स्टूल टाकून बसत होते ते त्याच्या मागून जो धडपडत येतो त्याच्यासाठी. कधी पोचतो, कधी वाटेत पडतो. आज पोचणार का, म्हणून बसायचं."

साहेबांनी हळूच वस्तरा खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. गोळ्या मलाच पाठवल्या होत्या."

"रेकॉर्डला कशाला लागतील गोळ्या?"

"मग समितीपुढे का नाही सांगितलंत? माझी मान गेली बाई, बढती जायची वेळ आली होती."

"समितीत विचारलं होतं, वरचे गायक कोण," बाई म्हणाल्या. "तुम्हाला गायक म्हणणं माझ्या तोंडून निघालं नसतं. मी जन्मभर मार्क दिलेत. आता पुन्हा घ्या, सुरुवातीपासून."

साहेबांनी घेतलं. आवाज चढत गेला, आणि डक्ट हा खालीच जातो असं नाही. वरून कोचचा आवाज आला. "काका, तुम्हीच आहात का? ते पोराचं गाणं येतं का तुम्हाला?"

मापेसाहेबांनी फेसाने माखलेला चेहरा आरशात पाहिला. मग, बायकोने बाहेरून दार वाजवून "बरं आहे ना?" विचारावं लागेल अशा आवाजात, त्यांनी त्या पोराचं गाणं म्हटलं. वर धपधप जोर सुरू झाले. पलीकडच्या भिंतीवर डॉक्टरांनी टकटक केलं, म्हणून त्यांच्यासाठी ऑपेरातल्या बाईचा वरचा सूर लावून पाहिला. तो लागला नाही, पण डॉक्टरांच्या धंद्याला पोषक ठरेल असं काहीतरी लागलं.

दाराची बेल वाजली. सेक्रेटरी उभे होते.

"नवीन भाडेकरू," ते म्हणाले. "पन्नाशीचा पुरुष, गाण्याचं शिक्षण नाही, एकाच घशातून तीन प्रकार. कुठे आहे?"

"इथे," साहेब म्हणाले. गालावरचा फेस वाळत आला होता. "बँडचंही येतं, पण ते बाल्कनीत जाऊन म्हणावं लागेल."

बायको मागे येऊन उभी राहिली. तिने सेक्रेटरींकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "तेच आहेत," ती म्हणाली. "मी कान तपासते, माझ्यावर विश्वास ठेवा."

सेक्रेटरी बराच वेळ साहेबांना न्याहाळत राहिले, जसं आपण मोजलेल्या घरात परत जाऊन बघावं तसं. कुठल्यातरी रकान्यात हा माणूस बसतो का, हे ते मनातल्या मनात उभं-आडवं करून बघत होते, आणि तो दर वेळी कुठून तरी बाहेर येत होता.

"म्हणजे तुम्ही," शेवटी ते कसनुसं म्हणाले, "इतर."

शब्द जड होता. त्यांच्या सबंध नोकरीतला तो पहिला होता.

"हो," मापेसाहेब म्हणाले. बढतीचा हुकूम हातात पडला तेव्हाही त्यांची छाती इतकी फुगली नव्हती.

सेक्रेटरी जायला वळले, दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. पाठमोरेच म्हणाले, "कुंड्यांना आज पाणी घातलंत का?"

"नाही अजून."

"मग घाला," सेक्रेटरी म्हणाले. "मी बाल्कनीत खुर्ची टाकतो."